मुकादम: पुढे उभा केलेला माणूस

तळेगाव एमआयडीसीतल्या कित्येक कंपन्यांचा पत्ता "मौजे नवलाख उंबरे, ता. मावळ" असा असतो. ऐकायला नऊ लाख उंबरठ्यांचं गाव, बघायला गेलं तर एका बाजूला अंदर मावळाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड, कंटेनर आणि शिफ्ट सुटल्यावर रस्त्यावर उभी असलेली कंत्राटी पोरं. या पोरांना कुणी "कामाला कुणी लावलं?" असं विचारलं, तर कंपनीचं नाव क्वचितच येतं. उत्तर येतं ते ठेकेदाराचं, सुपरवायझरचं, आणि बांधकामावर किंवा उसाच्या फडात विचारलं तर मुकादमाचं.

आता गंमत बघा. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी याच मावळातल्या कुठल्याही गावाला सरकारातून पत्र यायचं, तेव्हा तेसुद्धा मोकदमाच्याच नावानं यायचं. "मोकदम मौजे अमुक". म्हणजे शब्द तोच, फक्त त्या काळी तो गावचा पाटील होता आणि आज तो मजुरांच्या टोळीवरचा माणूस आहे. मधल्या काळात या शब्दाचं नेमकं काय झालं, हे शोधायचा नाद मला लागला, त्याचा हा गोषवारा. (आमच्या क्षेत्रात व्हेरिएबलचं नाव तेच ठेवून टाइप बदलला की प्रोग्राम बोंबलतो. भाषेत मात्र हे सर्रास चालतं आणि कुणी एररसुद्धा देत नाही.)

शब्द अरबी आहे. मूळ रूप मुकद्दम, म्हणजे "पुढे ठेवलेला", "पुढे केलेला". क़-द-म या धातूपासून आलेले बाकीचे भाऊबंदही आपल्या ओळखीचे आहेत. कदम म्हणजे पाऊल. कदीम म्हणजे जुनं, जुन्या मराठी कागदांत "कदीम वतन" वगैरे येतं ते. पुस्तकाच्या पुढे जोडायची ती प्रस्तावना म्हणजे मुकद्दमा. इब्न खल्दूनचा १३७७ सालचा जगप्रसिद्ध ग्रंथ याच नावानं ओळखला जातो, कारण मुळात ती त्याच्या मोठ्या इतिहासाची प्रस्तावना होती. आणि कोर्टापुढे मांडायचा तो हिंदीतला मुकदमा. कदम आडनावाचे मित्र आता लगेच विचारतील, म्हणून सांगतो: त्या आडनावाचा संबंध सहसा कदंब घराण्याशी जोडतात, या अरबी पावलाशी नाही. तसंच मोकासा आणि मोकासदार हेही वेगळं प्रकरण आहे, आवाज सारखा म्हणून त्याला यात ओढू नये.

तर मुकद्दम म्हणजे पुढे उभा केलेला माणूस. पण कुणाच्या पुढे आणि कुणी उभा केलेला, हे शब्दात कुठेच नाही. ती जागा रिकामी आहे. म्हणूनच जो आला त्यानं आपापल्या सोयीनं ती भरली. स्पेनमध्ये अरबांच्या काळानंतरही अल्मोकादेन हा शब्द राहिला, पायदळाच्या तुकडीचा नायक या अर्थानं. आजही कित्येक अरब देशांच्या सैन्यात मुकद्दम म्हणजे लेफ्टनंट कर्नल. मोरोक्कोत मात्र तो गल्लीतला सरकारी माणूस आहे, अगदी खालच्या पायरीवरचा, पण वस्तीत कोण आलं, कोण गेलं, याची खबर त्याला असते. सूफींच्या तिजानिया पंथात मुकद्दम हा शेखचा प्रतिनिधी. पोर्तुगीजांच्या काळात आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजांवर खलाशांचा जो म्होरक्या असे, त्यालाही हाच शब्द वापरलेला सापडतो. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात गावचा मुख्य, जातीचा मुख्य आणि मजुरांच्या टोळीचा मुख्य असे अर्थ एकाच नोंदीत दाटीवाटीनं बसवले आहेत. म्हणजे तोवर पाटील आणि टोळीवाला दोघंही एकाच शब्दात नांदत होते.

हिंदुस्थानात या शब्दाची पहिली मोठी वर्दी मिळते ती अलाउद्दीन खिलजीच्या काळात (१२९६ ते १३१६). बरनी हा इतिहासकार लिहितो की, सुलतानानं खुत, मुकद्दम आणि चौधरी यांची रग मोडली. घोड्यावर बसणं, चांगले कपडे घालणं, विडा खाणं, सगळं बंद. शेतसाऱ्याला खुतापासून गावच्या बलाहरापर्यंत एकच नियम. बरनीला या गोष्टीचा आनंद झालाय हे त्याच्या लिहिण्यावरून सरळ कळतं, त्यामुळे थोडी मिठाची चिमूट घालून वाचावं. पण मुद्दा लक्षात येतो. रयत आणि सुलतान यांच्या मध्ये एक माणूस आहे, तो दोन्हीकडून थोडं थोडं खातो, आणि सुलतानाला तो नको आहे, पण त्याच्याशिवाय वसूलही होत नाही.

दख्खनमध्ये हा मुकद्दम आला तेव्हा इथे पाटील आधीच बसलेला होता. मग झालं काय, की दोन्ही शब्द एकाच माणसाला चिकटले. फारसी वळणाच्या सरकारी कागदात तो मोकदम, गावात तो पाटील. पाटीलकी आणि मोकदमी हे एकच वतन. वतन म्हणजे नोकरी नव्हे, बरं का. ती मिळकत होती. ती वारसानं मिळे, भावाभावांत वाटली जाई, आणि दुष्काळात किंवा कर्ज डोक्यावर चढलं की अर्धी मोकदमी विकलीही जाई. अर्धी विकताना भांडण पैशावरून जितकं होई तितकंच मानपानावरून. पोळ्याला कुणाचा बैल पुढे, होळीची पोळी कुणाची, आधी विडा कुणाला, तेल्याकडून तेल आणि चांभाराकडून जोडा कुणाला किती. आपल्याला आज हे पोरकट वाटतं. पण ज्या शब्दाचा अर्थच "पुढे केलेला" आहे, त्या हुद्द्यात पुढे कोण, हाच खरा प्रश्न असणार ना!

आमच्या तळेगावच्याच दाभाड्यांचं घ्या. १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे शाहू महाराजांचे सेनापती झाले, त्यांचा मुलगा त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईला बाजीरावाविरुद्धच्या लढाईत पडला, गुजरातेत त्यांचा अंमल होता. हे एवढं मोठं घराणं मुळात तळेगावचं मोकदम. म्हणजे हा शब्द गावच्या चावडीपासून सेनापतीच्या वाड्यापर्यंत माणसाला घेऊन जाऊ शकत होता.

मोकदमाला नुसते हक्क होते असं नाही. गावचा वसूल थकला की आधी त्याची मान पकडली जाई. सरकारात कतबा त्याचा, ओलीस राहायची वेळ आली तर तोही त्याचाच. गाव उजाड पडलं तर रयत परत आणून वसवायची जबाबदारीही त्याची. त्यासाठी सरकार इस्ताव्याचा कौल देई, म्हणजे पहिल्या वर्षी सारा नावापुरता, मग दर वर्षी चढता. बैलाला, बियाण्याला तगाई मिळे. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, त्यात शिवाजी महाराजांच्या काळातली ही रीत त्यानं सांगितली आहे: नव्या रयतेला गुरं द्यायची, बीज आणि दाणापैका द्यायचा आणि तो दोन-चार वर्षांनी सवडीनं परत घ्यायचा. हे "सवडीनं" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रांझ्याचं पत्र. आपण सगळ्यांनी शाळेत "रांझ्याचा पाटील" वाचलाय. २८ जानेवारी १६४६ चं हे पत्र, महाराजांचं वय तेव्हा सोळा पुरं व्हायचं होतं. खेडेबाऱ्यातल्या रांझे गावचा मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर, त्याच्या हातून मोकदमी करत असता बदअमल झाला, चौकशीत तो खरा ठरला, हातपाय तोडून त्याला दूर केला आणि वतन अमानत म्हणजे सरकारजमा केलं. गोष्टीत आपण इथेच थांबतो, टाळ्या वाजवतो. पण मला पत्राचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच्याच गोतातला सोनजी गुजर पुढे आला, बाबाजीला मी सांभाळतो म्हणाला, त्यानं दंड भरला, आणि रांझ्याची मोकदमी त्याच्या नावे करून देण्यात आली. त्याचा कागद म्हणजे हे पत्र! पत्र शिक्षेचं म्हणून लिहिलेलं नाहीच, ते नव्या मोकदमाच्या सनदेचं पत्र आहे. शिक्षा त्यात पार्श्वभूमी म्हणून येते.

यावरून मोकदमीची रचना कळते. माणूस गेला तरी हुद्दा राहतो. हुद्द्याला कागद असतो. कागद ज्यानं दिला तो काढूनही घेऊ शकतो. आणि "बदअमल" हा शब्दच सांगतो की अमल कसा करावा याची काही मोजपट्टी होती, तिच्या बाहेर गेलं की ते बद. मी काही जुना काळ सोन्याचा होता असं म्हणणाऱ्यांतला नाही. सगळेच बाबाजी पकडले गेले नसणार, आणि रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वतनदारांविषयी जे काही तिखट बोलतं ते उगाच नाही. वतनदार म्हणजे राज्यातले छोटे छोटे राजेच, बळावले की डोईजड होणारे, असा त्यांचा एकंदर सूर आहे. तरी मोकदमाला जाब विचारायची जागा कुठे आहे, हे त्या काळी नक्की माहीत होतं.

इंग्रज आले आणि मुंबई इलाख्यात सरकारी कागदात पाटील हा शब्द पक्का झाला. १८७४ च्या वतन कायद्यानं त्याची चौकट ठरली. पुढे १९६२ चा कायदा होऊन मुलकी पाटलांचा वंशपरंपरागत हुद्दा बंद झाला, आणि १९६७ पासून पोलीस पाटील आला, पण तो नेमणुकीचा. मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूरकडे, मालगुजारीच्या पद्धतीत मुकद्दम गावचा कारभारी म्हणून कायद्यात बराच काळ टिकला. पश्चिमेकडे मात्र शब्द मोकळा झाला. चावडीवरून उठलेला हा बिनकामाचा शब्द मग कुठे गेला? कामाच्या शोधात जिथे सगळे गेले तिथेच. रेल्वेवर, गोदीत आणि गिरणीत.

इथे पुन्हा मावळ येतो. २४ जानेवारी १८५६ ला बोरघाटाचं काम सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला मार्ग खुला झाला. आज आपण लोणावळ्याला चिक्की खात खिडकीतून बोगदे मोजतो, त्या बोगद्यांवर १८६१ च्या सुरुवातीला एकाच वेळी ४२ हजारांच्या आसपास माणसं खपत होती. इतकी माणसं साहेबानं एकेक करून कामाला लावली नाहीत. साहेबाला भाषा येत नव्हती आणि नावं लक्षात राहत नव्हती. कंपनीनं काम कंत्राटदाराला दिलं, त्यानं खालच्या छोट्या कंत्राटदारांना, आणि त्यांनी मुकादमांना. मुकादम आपल्या गावची, आपल्या जातभाईंची टोळी घेऊन यायचा, टोळीचा पैसा त्याच्या हातात पडायचा, तो वाटायचा. जानेवारी १८५९ मध्ये पगार थकले म्हणून घाटात मजुरांनी दंगा केला, साहेबांवर दगड पडले. त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदारानं काम सोडलं. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुढे चालवलं. ॲलिसबाईंचं नाव आता पुष्कळ ठिकाणी येतं, यावं पण. एका मुकादमाचं नाव मात्र आपल्याला सहज सांगता येत नाही.

मला वाटतं, शब्दाचा खरा सांधा इथे फिरला. चावडीवरचा मोकदम रयतेकडून गोळा करून वर द्यायचा. घाटातला मुकादम वरून घेऊन खाली वाटायचा. पैशाची दिशा उलटी झाली, माणूस तिथंच उभा राहिला, मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर तो इंटरफेस आहे. वरच्याला आत काय चाललंय हे कळायची गरज नाही, खालच्याला वर कोण आहे हे कळायची सोय नाही.

मुंबईच्या गिरण्यांत हाच माणूस जॉबर किंवा मुकादम झाला. भरती त्याच्या हाती, बदली कामगाराला रोज सकाळी आत घ्यायचा की दारातून परत पाठवायचा हेही त्याच्या हाती. खोली त्याच्या ओळखीनं, उधारी त्याच्या ओळखीनं. बायकांच्या खात्यावर नायकीण. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशननं १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर ताशेरे ओढले, लाचखोरीवर बोट ठेवलं. गोदीत आणि बाजारात डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माथाडींच्या टोळ्यांतही मुकादम होताच. त्यांच्यासाठी लढले ते अण्णासाहेब पाटील आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. मोकदमांच्या विरुद्ध पाटील! इतिहासाला कधीकधी विनोदबुद्धी असते. त्या कायद्यानं टोळी मोडली नाही, टोळीत मुकादम राहिला, पण मजुरी मंडळामार्फत जाऊ लागली. म्हणजे पैशाच्या वाटेतून त्याला बाजूला केलं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

महापालिकेतला मुकादम तर आपण रोज बघतो. पुण्यात आरोग्य कोठीवर सकाळी हजेरी घेणारा, झाडूवाल्यांना गल्ल्या वाटून देणारा. तो पगारी नोकर, वरती आरोग्य निरीक्षक. बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मैलमजुरांचाही मुकादम असायचा. हे दोघं मला मोकदमाचे सरळमार्गी वारस वाटतात: हुद्दा आहे, कागद आहे, तक्रार कुठे करायची ते ठरलेलं आहे. कोकणात, विशेषतः कोकणी मुसलमानांत, मुकादम हे आडनावच झालं, तिथे हुद्दा विरून गेला आणि नाव उरलं. आणि आमच्या आयटीत प्रोजेक्ट मॅनेजरला पाठीमागे मुकादम म्हणतात ते वेगळंच. त्यात अर्धा विनोद आणि अर्धा राग असतो :-)

उसाच्या फडातला मुकादम मात्र विनोदाचा विषय नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागातून टोळ्या निघतात. मावळातही येतात, कासारसाई-दारुंब्र्याच्या संत तुकाराम कारखान्याचा ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजताना "दहा कोयते" असंच मोजतात, हत्याराच्या नावानं. मुकादम हंगामाआधी वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून रक्कम घेतो आणि कोयत्यांना उचल वाटतो. मग सहा महिने तोडलेल्या टनांतून ती फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला परत. एक दिवस खाडा झाला, आजारपणाचा का असेना, तर त्याचा दंड उचलीत चढतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीचे चार दिवस खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण पुढे आलं होतं.

आता सभासदाची तगाई आठवा. तीही आगाऊ रक्कमच होती, तीही मधल्या माणसाच्या हातूनच रयतेला पोचायची, आणि ती माणसाला एका जागी बांधून ठेवण्यासाठीच होती, यात मला शंका नाही. पण ती दोन-चार वर्षांनी, सवडीनं परत घ्यायची होती, आणि देणारा सरकार होता. उचलीची सवड मुकादम ठरवतो, आणि त्याला ती त्याच्यावरचा माणूस ठरवू देत नाही. कारण मुकादमाची बाजूही आहे. टोळी मध्येच पळाली तर बुडतो तो. वाहतूकदार त्याच्या दारात येऊन बसतो, ट्रॅक्टर ओढून नेतो, कधी त्यालाच उचलून नेल्याच्या बातम्या येतात. पुष्कळ मुकादम काल-परवापर्यंत स्वतः कोयतेच होते. वसूल थकला की ओलीस राहणाऱ्या जुन्या मोकदमाची ही जवळजवळ हुबेहूब अवस्था आहे, फक्त त्याच्याकडे वतन नाही. जबाबदारी उतरली, सनद उतरली नाही.

म्हणूनच रांझ्याचं पत्र मला उसाच्या फडात आठवतं. बाबाजीनं बदअमल केला तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाला नेमकं माहीत होतं की याच्या हातातून काय काढून घ्यायचं आणि कुणाच्या हातात द्यायचं. फडातल्या मुकादमानं केला तर काढून काय घेणार? त्याच्याकडे हुद्दाच नाही. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, वाहतूकदार म्हणतो माझा करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी तर यांच्यातलाच. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्यानं बंद झाली, पण उचलीला कुणी वेठ म्हणत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात वाटाघाटी होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, आणि मुकादमाचं कमिशनही २० टक्के झालं. म्हणजे टक्केवारी ठरवण्याइतका तो अधिकृत आहे. जाब विचारण्याइतका नाही.

अलीकडे ऊसतोड कामगारांची सरकारी नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झाली आहेत, ती किती फडांपर्यंत पोचतात ते दिसेलच. तोवर कुठल्या कोयत्याची किती उचल, किती खाडे, किती टन, याचा हिशेब असतो तो मुकादमाच्या खिशातल्या डायरीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल आहेत, गावोगावच्या मोकदमांच्या भांडणांचे, वाटण्यांचे, कुणाचा बैल आधी निघायचा याच्या निवाड्यांचे. या डायऱ्या हंगाम संपला की फाटतात, भिजतात, नाहीतर पुढच्या वर्षीची नवी घेतली की चुलीत जातात.